आधी धाकट्या

माझ्या कामाला आपल्या भाषेत धड नाव नाही. माहितीपत्रकात 'ड्रामाटर्ग' छापतात आणि वाचणारा तो शब्द दाढ दुखत असल्यासारखा उच्चारतो. माझ्या धाकट्या भावाला त्याच्या सासऱ्यांनी एकदा विचारलं होतं, "तुमची ताई नाटकात नेमकं काय करते?" तो म्हणाला, "ती नाटकात नसते, पण असते." याहून बरी व्याख्या मला अजून कुणी दिलेली नाही.

मी आलेली नाटकं वाचते, बहुतेक परत पाठवते आणि शिव्या खाते. दिग्दर्शकाला सुचलेली कल्पना त्याच्या आधी कुणाकुणाला सुचून गेली ते त्याला सांगते, मग तो दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. शंभर वर्षांपूर्वी कोर्टात न्यायाधीश उठले की वकील उठायचे का, हे शोधून काढते. माणसांच्या मुलाखती घेते, त्यांची संमतीपत्रं लिहिते, नटांना त्या माणसांच्या घरी घेऊन जाते, प्रयोगानंतरच्या चर्चेत माईक धरून उभी राहते. आणि मुख्य म्हणजे कापते. साडेतीन तासांचं नाटक माझ्या टेबलावरून दोन तासांचं होऊन उठतं. म्हणून नाट्यगृहात सगळे मला पाठीमागे कात्री म्हणतात आणि तोंडावर कात्रीताई. मला त्याचा कधी राग आला नाही. खरं तर त्या सोमवारपर्यंत अभिमानच होता.

नाटक होतं एका शिवणकारखान्याच्या आगीवर. तीस वर्षांपूर्वीची घटना. दुसऱ्या मजल्यावर सोळा बायका शर्ट शिवत होत्या. बायका कापड चोरतात असा मालकाला संशय, म्हणून पाळी सुटेपर्यंत जिन्याच्या दाराला बाहेरून कुलूप आणि किल्ली सुपरवायझरबाईच्या खिशात. आग भर दुपारी लागली तेव्हा ही बाई खाली मालकाच्या खोलीत बसली होती. सोळापैकी सहा जणी वरच राहिल्या.

दहा वाचल्या, त्या माझ्या मावशीमुळे. ती काजांच्या मशीनवर बसायची, वयानं सगळ्यांत मोठी. तिनं मशीनचं लोखंडी स्टूल घालून संडासाच्या खिडकीची जाळी फोडली. बाहेर शेजारच्या गोदामाचा पत्रा होता. खिडकी एवढीशी, मागून धूर आणि समोर झुंबड. मावशी ओरडली नाही. रोज जेवणाच्या सुट्टीत नळावर गर्दी झाली की जे म्हणायची, तेच म्हणाली, "दम धरा गं बायांनो, कुणाचं लग्न खोळंबलेलं नाही. आधी धाकट्या." त्या धुरात दोघी-तिघींना हसू आलं म्हणे. हसल्या म्हणून ढकलाढकली थांबली, आणि ती थांबली म्हणून नऊ जणी पत्र्यावर उतरल्या. दहावी मावशी. उतरल्यावर तिनं अकरावीला हात दिला, तेव्हा तिच्या हातात नुसती बाही आली. हे बाहीचं तिनं मला दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा सांगितलं, तेही रेकॉर्डर बंद करायला लावून.

मावशीला मूलबाळ नाही, नवरा केव्हाच गेला. त्या नऊ जणी दर गुरुवारी तिच्याकडे जमतात, एकमेकींची दुखणी काढतात, सुनांना नावं ठेवतात आणि तिन्हीसांजेला आपापल्या घरी जातात. तिचं गणगोत म्हणजे त्या नऊ जणी आणि मी.

तर नाटक. सगळ्या बायका कागदावर उभ्या राहत होत्या, सुपरवायझरबाई मात्र राहीना. ती वारलेली, मागे कुणी नाही. चौकशीच्या कागदांत तिची दोनच वाक्यं सापडली. "नियम होता" आणि "मला माहीत नाही." दोन वाक्यांत माणूस होत नाही. त्यात आमच्याकडे नट्या पाचच. मग मी दिग्दर्शकाला एक टिपण लिहिलं. सुपरवायझर आणि काजवाली यांचं एकच पात्र करावं. खलनायिका नको, माणूस हवा. वाक्य क्रमांक चाळीस खिडकीतून उचलून दाराशी न्यावं आणि त्याचे शेवटचे दोन शब्द कापावेत.

वाक्य क्रमांक चाळीस म्हणजे मावशीचं ते वाक्य. शेवटचे दोन शब्द म्हणजे 'आधी धाकट्या'.

हे मी केलं. दुसऱ्या कुणी नाही. चार महिने ते वाक्य माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला त्यात मावशी दिसली नाही. मला दिसलं ते एक चांगलं वाक्य चुकीच्या जागी पडलेलं, आणि चांगलं वाक्य चुकीच्या जागी पडलेलं मला बघवत नाही. आमच्या धंद्यात हे असंच चालतं. माणसाचं बोलणं टाइप होऊन आलं, त्याला क्रमांक पडला, की ते आपल्या घरचं सामान होतं. पलंग इकडून तिकडे सरकवावा तसं आम्ही ते सरकवतो.

सोमवारी पहिल्यांदा सगळ्या सामानासकट तालीम झाली. सुपरवायझरचं काम करणारी नटी गुणी आहे. मी तिला तीन वेळा मावशीकडे नेऊन बसवलं होतं, काजं कशी करतात ते बघायला. तिनं काजं तर बघितलीच, पण मावशी बोलायच्या आधी ओठांतला धागा कसा काढते, चष्मा कपाळावर कसा ढकलते, डावा खांदा कसा उडवते, तेही सगळं उचललं होतं. प्रवेश असा होता. एकीचं मूल तापानं फणफणलंय, तिला घरी जायचंय, बाकीच्या तिच्यासाठी दार वाजवताहेत. नटी आली. ओठांतला धागा काढला. खांदा उडवला. "दम धरा गं बायांनो, कुणाचं लग्न खोळंबलेलं नाही," म्हणाली, दार ओढून घेतलं आणि कुलूप लावून किल्ली खिशात टाकली.

सगळे हसले. स्वतःच्या बारशालाही न हसलेला आमचा प्रकाशवाला हसला. आणि ते हसू विरायच्या आत दाराच्या फटीतून धूर आला, तशी सगळ्यांची तोंडं बंद झाली. जागा अचूक साधली होती. मी ज्यासाठी दोन शब्द कापले होते, ते सगळं तिथं मिळालं होतं. आणि माझ्या डोळ्यांदेखत माझी मावशी सोळा बायकांना कुलूप लावून निघून गेली होती.

मंगळवारी सकाळी मी दिग्दर्शकाच्या खोलीत गेले. तो एकेकाळी माझा विद्यार्थी होता. आता त्याच्या टेबलावर मंचाचं पुठ्ठ्याचं मॉडेल असतं आणि बोलताना तो त्यातल्या बोटाएवढ्या बायका हलवत बसतो.

"ही दोन माणसं वेगळी कर," मी म्हणाले.

"कुठली दोन?"

"सुपरवायझर आणि काजवाली. ते वाक्य तिच्या तोंडून काढ. खांदा काढ, धागा काढ."

"ताई, गेल्या आठवड्यात तुम्हीच म्हणालात, आयुष्यात एवढी चांगली भूमिका हातून झाली नव्हती."

"म्हणाले. पण ती माझी मावशी आहे."

"अहो, मावशीचं नाव कुठं आहे? कुणाचंच नाही."

"त्या नऊ जणींना नाव लागत नाही. त्यांना तू शुक्रवारी दुसऱ्या रांगेत बसवतोयस. पहिल्या शब्दाला ओळखतील."

"तीस वर्षं झाली. कोण लक्षात ठेवतंय?"

"दर गुरुवारी ऐकतात त्या ते वाक्य. गेल्या गुरुवारीसुद्धा ऐकलंय."

त्यानं खण उघडला आणि माझं टिपण काढून माझ्यासमोर ठेवलं. खाली माझी सही, तारीख, आणि 'दोन शब्द कापावेत' याच्याखाली माझीच लाल रेघ. "अक्षर तुमचंच ना?" तो म्हणाला. "वर्गात तुम्हीच सांगायचात. घटना लोकांची, पात्र आपलं. मी वहीत लिहून घेतलंय."

सांगत होते. दर वर्षी सांगत होते, आणि पोरं माना डोलावत लिहून घ्यायची तेव्हा मला मोठा शहाणपणा केल्यासारखं वाटायचं. त्या सकाळी मी त्याला नालायक म्हणाले. तो मॉडेल करतो ते भातुकली खेळायच्या लायकीचं आहे, असं म्हणाले. दार आपटून निघाले, पण त्या दाराला हळू मिटायची स्प्रिंग बसवलेली आहे, ते सावकाश माझ्या मागे लागलं, त्यानं मी आणखीच भडकले. जिन्यात भेटलेल्या कपडेपटवाल्या बाईवरही ओरडले. तिचा काही संबंध नव्हता.

आता खरं सांगते. मावशीला यातून सुटका हवी असती, तर ती माझ्याच पिशवीत होती. संमतीपत्राचं तिसरं कलम मला पाठ आहे, मीच लिहिलंय. पहिल्या जाहीर प्रयोगापर्यंत बोलणाऱ्याला आपलं बोलणं केव्हाही, कारण न देता, परत घेता येईल. शुक्रवारचा प्रयोग आमंत्रितांचा होता, जाहीर प्रयोग शनिवारी. म्हणजे मावशीला एक फोन केला असता तर दिग्दर्शकाच्या बापालाही ते वाक्य वापरता आलं नसतं. मी फोन केला नाही. ते कलम त्या खोलीत तोंडातून बाहेर काढलं नाही. कारण मला ती भूमिका हवी होती. ते हसू आणि त्यामागून येणारा धूर मला हवा होता. दिग्दर्शकानं स्वतःहून बदल करावा, म्हणजे मावशीचं नाव राहील आणि माझ्या हातानं माझं काम मोडायची पाळी येणार नाही, असा माझा हिशेब. त्याच्यावर केलेला आरडाओरडा म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा होत्या.

बुधवारी मी मावशीकडे गेले, सांगायचंच असं ठरवून. ती खिडकीशी बसून तिच्या एकुलत्या एक बऱ्यापैकी कोटाचं बटण घट्ट करत होती.

"ये. चहा टाकलाय," ती म्हणाली. ओठांत धागा होताच. "शुक्रवारी सगळ्या येणार बघ. दुसरी रांग पक्की ना? धाकटीला मागे बसवलं की काही ऐकू येत नाही आता."

धाकटी म्हणजे सगळ्यांत आधी खिडकीतून गेलेली. तेव्हा अठराची होती. आता तिचे दोन्ही कान कामातून गेलेत आणि ती बोलते ते गल्लीला ऐकू जातं.

"पक्की आहे," मी म्हणाले. "मावशी, नाटकात थोडं इकडचं तिकडे झालंय हं."

"होणारच. कापल्याशिवाय शर्ट तरी होतो का?" तिनं धागा तोडला. "बाही बाहीच्या जागी लागली म्हणजे झालं."

माझ्यासमोर चहा होता. मी तो प्यायले. भावाच्या मुलीच्या परीक्षेबद्दल बोलले. नळाचा वायसर बदलायला कुणाला सांगावं यावर दहा मिनिटं बोलले. मग मूग गिळून घरी आले. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, पण दांड्याला निदान तोंड नसतं. मला होतं.

शुक्रवारी दुपारी तीनला प्रयोग. त्या नऊ जणी पावणेतीनलाच आल्या, ठेवणीतले कपडे घालून, एकमेकींच्या दंडाला धरून. कुणी आपल्या सुनेला सांगितलं होतं, कुणी डॉक्टरांना, की आज आमच्यावर नाटक आहे. मावशी मधोमध बसली, पिशवी मांडीवर. मी शेवटच्या रांगेत, नेहमीसारखी वही घेऊन.

दुसऱ्या अंकात नटी आली. धागा काढला. खांदा उडवला. मला दुसऱ्या रांगेतल्या दहा पाठमोऱ्या माना दिसत होत्या. एकेक करून त्यांतल्या नऊ मधोमध बसलेल्या मावशीकडे वळत होत्या. नटी म्हणाली, "दम धरा गं बायांनो, कुणाचं लग्न खोळंबलेलं नाही." आणि सगळं सभागृह हसलं.

दुसरी रांग हसली नाही.

नटीनं दार ओढलं. आणि धाकटी, बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही तशी, खणखणीत म्हणाली, "आधी धाकट्या."

तिच्या शेजारची म्हणाली, "आधी धाकट्या." मग पलीकडची. मग चौथी, खोकत. ती काही घोषणा नव्हती. कुणी वाक्य अर्धवट सोडलं की दुसऱ्यानं सहज पुरं करावं, तसं त्या एकेक करून पुरं करत होत्या. नऊ वेळा. मावशी मंचाकडे बघत होती, तिच्याच खांद्याकडे.

नटी किल्ली हातात धरून थांबली. ते पुढचे दोन शब्द तिलाही माहीत होते, तिनं ते मावशीच्या तोंडून ऐकले होते. क्षणभर वाटलं, ती किल्ली खाली ठेवील. मग तिनं मान खाली घातली आणि तिला जे सांगितलं होतं ते केलं. कुलूप लावलं आणि गेली. लोकांना हे सगळं नाटकातलंच वाटलं. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सगळ्यांनी वाजवल्या. इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो काढायला माझ्याशिवाय दुसरं कुणी तिथं नव्हतं.

प्रयोग संपल्यावर चर्चा होती. मी माईक खुर्चीवर ठेवला आणि बाहेर आले. बाहेरच्या दालनात खांबापाशी मावशी उभी होती. नऊ जणी थोड्या लांब, दारापाशी. मी तिच्याजवळ पोचते न पोचते तोच दिग्दर्शक धावत आला. चेहरा कसा फुललेला.

"ताई, ते दुसऱ्या रांगेतलं. काटा आला अंगावर. हे ठेवू या आपण. रोज. आठ-नऊ वयस्क नट्या बघू, साध्या कपड्यांत बसवू, कुणाला कळणारसुद्धा नाही." मग त्याचं लक्ष मावशीकडे गेलं. नाटकाचं काम दोन वर्षं चाललं होतं, पण तो तिला कधी भेटला नव्हता. भेटायचं काम माझं. "या कोण?"

मावशीनं त्याच्याकडे बघितलंही नाही. ती मला म्हणाली, "दाराशी मला उभं केलंस?"

"हो."

"कुलूप मी लावलं असं दिसतं?"

"हो."

"तुला हे कधी कळलं?"

"सोमवारी."

तिनं बोटांवर मोजल्यासारखं केलं. "आणि बुधवारी येऊन माझ्याकडे चहा पिऊन गेलीस."

मी मान डोलावली.

"त्या नऊ जणींना ठाऊक आहे," ती म्हणाली. "त्यांचा प्रश्न नाही. पण आत तीनशे माणसं बसली होती, ती हसली. उद्या आणखी तीनशे हसतील. त्या सगळ्यांना काय मी घरोघर जाऊन सांगू? माझं वाक्य परत दे मला."

"कुठलं वाक्य?" दिग्दर्शक म्हणाला.

मी पिशवीतून संमतीपत्र काढलं. सोमवारपासून ते माझ्याबरोबरच फिरत होतं. तिसरं कलम मी मोठ्यानं वाचलं, त्याला ऐकू जावं म्हणून आणि मलाही. खाली एक ओळ लिहून मावशीच्या हातात पेन दिलं. तिनं चष्मा कपाळावरून खाली घेतला, पूर्ण कागद पहिल्यापासून वाचला, आणि खांबाला टेकवून सही केली.

"अहो, उद्या पहिला प्रयोग आहे," तो म्हणाला. आता त्याचा चेहरा उतरला होता. "त्या जागी ती बाई म्हणणार काय?"

"'नियम होता,'" मी म्हणाले. "तेवढंच म्हणाली होती ती. खांदा नाही, धागा नाही. जी नव्हतीच ती बाई तुझ्यासाठी मी शिवली होती, ती मी उसवली."

"ताई, भूमिका मरेल."

"मरू दे."

तो आत पळाला, नटीला शोधायला असेल. मावशीनं तो कागद चार घड्या करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली, बटण लावलं आणि दारापाशी थांबलेल्यांकडे निघाली. धाकटीनं हात पुढे केला होता. मी दोन पावलं मागोमाग गेले.

"मावशी, गुरुवारी येऊ ना मी?"

ती थांबली. माझ्याकडे वळली नाही. त्या नऊ जणींकडे बघत राहिली.

"त्यांना विचारून सांगते," ती म्हणाली.